लाल ठिपक्याची बाटली

बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणात मला एकदाच वर्गाबाहेर काढलं, आणि तेही चंदनापायी. आमच्या प्रशिक्षक बाई फार हौशी होत्या. त्यांनी एक लाकडी पेटी आणली होती आणि तिच्यात मखमलीवर सहा बाटल्या ठेवल्या होत्या. गुलाब, खस, मोगरा, सगळं कसं घरंदाज. लहान मूल नाकानेही जग ओळखतं, म्हणून रोज दहा मिनिटं वासाचा खेळ घ्यायचा, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि एकेकीचे डोळे बांधून बाटल्या हुंगायला दिल्या. माझ्या नाकाखाली बाटली आली आणि मी एका दमात सांगितलं, "तहसीलदार."

यात माझी काही चूक नव्हती. माझे वडील खालापूरच्या कचेरीत शिपाई होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा साहेबांच्या खोलीतून चंदनी साबणाचा वास यायचा. चंदनाचं झाड असतं हे मला फार पुढे पुस्तकात कळलं, पण तोवर माझ्या नाकाने निकाल देऊन टाकला होता. वर्गातल्या सगळ्या मुली हसत सुटल्या, आणि त्यांच्यामागे मीही. माझं हसू एकदा सुटलं की ते माझ्या ताब्यात राहत नाही, अजूनही राहत नाही. "वासाला नाव वस्तूचं द्यायचं, माणसाचं नाही," असं बजावून प्रशिक्षक बाईंनी मला व्हरांड्यात पाठवलं. तिथे खांबाला धरून मी आणखी पाव तास हसले.

पेटी अर्थातच आमच्यापैकी कुणाला मिळाली नाही. "परिसरातून साहित्य गोळा करा" एवढा आशीर्वाद पदरात घेऊन मी कशेळ्याच्या पुढच्या एका गावात रुजू झाले. साल सत्तरच्या नुकतंच पुढचं होतं आणि मी वीस वर्षांची होते. सामानात दोन साड्या, एक ट्रंक आणि तोंडभर गाणी एवढंच. बालवाडीला खोली मिळाली ती गावच्या सोसायटीचं खताचं गोदाम. सोसायटीच्या चेअरमनांनीच ती मोठ्या मनाने दिली होती, आणि मोठ्या मनाने दिली आहे हे ते आठवड्यातून दोनदा येऊन सांगतही होते. खोलीला वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतीत मुरलेला युरिया. पहिल्या आठवड्यात आम्ही प्रार्थना कमी आणि शिंका जास्त म्हटल्या.

पोरं होती सत्तावीस. वीस गावातली, सात वर डोंगराच्या पायथ्याला असलेल्या ठाकरवाडीतली. वाडीवरची पोरं अर्धा तास उतरून यायची, एकमेकांचा हात धरून, ओळीने. माझ्या मदतीला एक मावशी होत्या. त्या पोरांना आणायच्या, पोहोचवायच्या, नाकं पुसायच्या आणि मधल्या वेळात तोंडात मिश्रीचं बोट घालून बसायच्या. आयुष्यभर मिश्री लावून लावून त्यांच्या नाकाने राजीनामा दिलेला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण त्यांचं नाक धड असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कशेळ्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मी पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. बोटाच्या पेराएवढ्या, रबरी बुचाच्या. धुण्याच्या सोड्यात तीन वेळा उकळल्या, वरून काळा कागद चिकटवला, म्हणजे आतलं दिसायला नको. प्रत्येक वासाच्या दोन बाटल्या. दोन्हींच्या तळाला एकाच रंगाचा ठिपका. खेळ असा, की डोळे बांधायचे, एक बाटली हुंगायची, मग बाकीच्यांतून तिची जोडी शोधायची, आणि जोडी लागली की बाटल्या उलट्या करून ठिपका बघायचा. डोळ्यांची पट्टी रोज धुतलेली हवी, तिला कसलाही वास असता कामा नये. हा नियम मी केला, पण पोरांनी तो असा काही उचलला की पट्टी नीट वाळली नसेल तर ती मलाच परत पाठवायची.

वास मात्र मी घरंदाज ठेवले नाहीत. आणणार कुठून? हिंग, ओवा, रॉकेलचा बोळा, सुकट, मिश्री, असलंच सगळं. पहिल्या दिवशी सुकटीची बाटली फिरली तेव्हा एकाने ती हुंगली आणि दुसऱ्याने सरळ खाऊन टाकली. हिंगाने एकीला अशी शिंक आली की समोरच्याची पट्टी उडाली. आणि मिश्रीची बाटली ज्याच्या नाकाला लागेल तो एकच शब्द बोलायचा, "आजी." सत्तावीस पोरं, सत्तावीस आज्या. रॉकेल म्हणजे "दुकान", ओवा म्हणजे "पोटात दुखतंय". वस्तूचं नाव कुणी घेईना. मी प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे दोनदा सुधारून पाहिलं, मग मला व्हरांडा आठवला आणि मी नाद सोडला. एका मुलाची आजी तेव्हा लेकीकडे नेरळला गेली होती. त्याने मिश्रीची बाटली त्या दिवशी हातातून सोडलीच नाही. मी त्याला ती घरी नेऊ दिली. नियमात बसत नव्हतं, पण नियम माझेच होते.

वाडीवरच्या सातांमध्ये एक साडेचार वर्षांची मुलगी होती. जूनपासून ती बालवाडीत अक्षरही बोलली नव्हती. नाचायची, हसायची, पण बोलणं नाही. फेब्रुवारीत एके दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, फडक्याची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर पाच-सहा सुकलेली, तपकिरी, मनुकांसारखी काहीतरी ठेवली. मग माझं मनगट धरून हात माझ्याच नाकाकडे ढकलला आणि म्हणाली, "हुंग."

तिचा पहिला शब्द, आणि तो हुकूम. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलून गरागरा फिरवली आणि दोघी भिंतीवर आदळलो. मावशी म्हणाल्या, "बाई, मोह हाय त्यो. फुलं. उन्हाळ्यात येचतात न् वाळवून ठेवतात. भाजून खातात वाडीवर, लई गोड लागतात." मी एक खाऊन पाहिलं. खरंच गोड होतं. मग ती फुलं मी दोन बाटल्यांत भरली आणि तळाला लाल ठिपका दिला. त्या दिवसापासून ती मुलगी जी बोलायला लागली ती थांबेना.

आता माझी अक्कल ऐका. फुलं गेल्या उन्हाळ्यातली, वाळून खडखडीत झालेली, वास आपला बेताबेताचा. गावातल्या पोरांना तो ओळखू येईना आणि त्या मुलीचं तोंड उतरायचं. मला वाटलं, मातीवर पाणी शिंपडलं की वास फुलतो, तसंच हेही असेल. म्हणून मी दोन्ही बाटल्यांत थोडं थोडं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी वास खरंच वाढला. मी खूश होऊन आणखी घातलं. चौथ्या दिवशी बाटली उघडली की वास आपण होऊन बाहेर यायला लागला, आणि मला माझ्या शास्त्राचा फारच अभिमान वाटला.

आंबलेल्या मोहाचा वास म्हणजे कशाचा वास, हे कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मी पाच वर्षांची असताना आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या दिवसानंतर माझ्या वडिलांनी दारू आमच्या घरात सोडा, आमच्या गल्लीच्या तोंडाशीही येऊ दिली नाही. चार पोरी वाढवल्या, एकीलाही तो वास माहीत होऊ दिला नाही. त्यांच्या त्या पुण्याईने माझा घात केला. ज्यांना कळायला हवं होतं त्या मावशींचं नाक मिश्रीत गेलेलं. अशा रीतीने एक वीस वर्षांची बाई आणि एक साठीच्या मावशी, दोघी मिळून एका खताच्या गोदामात हातभट्टी लावून बसल्या होत्या आणि रोज सकाळी प्रार्थनेनंतर ती पोरांना हुंगायला देत होत्या.

तोवर पोरांना वासाचं वेडच लागलं होतं. ती पाट्या हुंगायची, एकमेकांची डोकी हुंगायची, एसटी थांबली की तिचं चाक हुंगायची. घरी गेली की आज्यांना ओळीत बसवायची. पाण्याच्या पाटापाशी बायका मला थांबवून सांगायच्या, "बाई, आमचं कार्टं भाकरी आधी हुंगतं मगच खातं, काय शिकवलंत वो तुमी?" बोलताना हसू दाबत असायच्या. मी मात्र दाबायची नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात उधळलेला महिना. सकाळी उठून कधी एकदा गोदामाचं कुलूप काढते असं व्हायचं.

आणि मग चेअरमनांच्या घरी पाहुणे जेवायला आले. हे मला नंतर मावशींनी सांगितलं, तेही तीनदा, दर वेळी नवीन तपशील घालून. पंगत बसली होती. चेअरमनांचा मुलगा, माझ्याच बालवाडीतला, बापाच्या मांडीवर जाऊन बसला, बापाच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाबांना लाल ठिपका येतो."

पाहुण्यांनी विचारलं, लाल ठिपका म्हणजे काय रं? पोरगं हुशार. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. आमच्या बालवाडीत बाटल्या हायत, त्यातल्या लाल ठिपक्याच्या बाटलीला असाच वास येतो, आणि बाबांना तो रोज संध्याकाळी येतो, सकाळी नाय येत. त्या दिवसापासून गावात पिण्याला लाल ठिपका म्हणायला लागले. अजून म्हणतात.

इथवर हसून हसून माझं पोट दुखत होतं. चौथ्या दिवशी अर्जाची नक्कल माझ्या हातात पडली.

अर्ज चेअरमनांच्या अक्षरात होता आणि सही त्यांच्या बायकोची होती, माता पालक म्हणून. 'वाडीवरील मुलांच्या अंगास व वस्त्रांस दारूसदृश वास येत असून त्यायोगे गावातील मुलांवर अनिष्ट परिणाम होत आहे, सबब सदर मुलांना बालवाडीत बसू देण्यात येऊ नये.' घराची अब्रू वाचवायला सात पोरांचा बळी द्यायला काढला होता. अब्रू गेली कुणामुळे, तर बापाच्या तोंडामुळे. बाटली माझी, पाणी मी घातलेलं. आणि बाहेर काढायचं कुणाला, तर जिने मला फक्त हुंगायला फुलं दिली तिला. वाडीवर दुसरी बालवाडी नव्हती, होणारही नव्हती. खोली चेअरमनांच्या ताब्यातली. येत्या सोमवारी आमच्या बालवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका बाई येऊन पाहणी करणार होत्या आणि त्या म्हणतील ते होणार होतं.

मला राग फार लवकर येतो, पण त्या दिवशी आला तो वेगळा होता. अर्जातला एक शब्द माझ्या ओळखीचा होता. खालापूरच्या शाळेत पहिलीत असताना बाईंनी मला आणि आणखी दोघींना दाराजवळ बसवलं होतं. म्हणाल्या, तिथे वारा छान लागतो. मी वर्षभर खुशीत होते, वर्गातली सगळ्यात चांगली जागा आपली म्हणून. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हे आईला फुशारकीने सांगितलं.  शाळा उघडली त्या दिवसापासून ती मला रोज दोनदा साबण लावून आंघोळ घालायला लागली, अंग लाल होईपर्यंत. माझ्या अंगाला कसलाही वास नव्हता. तो माझ्या घरच्या पत्त्याला होता, आणि पत्ता साबणाने निघत नाही. आईच्या त्या घासण्याचा अर्थ मला पुढे दहा वर्षांनी कळला. त्या अर्जावर बोट ठेवून मी मावशींना म्हणाले, "ही सात पोरं गेली तर मीही जाईन." मावशी म्हणाल्या, "तुमी जाल वो, पोरं कुठं जातील?" 

लाल ठिपक्याच्या बाटल्या काय आहेत हे आता मला कळलं होतं. फेकून द्यायला हव्या होत्या. पण ती मुलगी रोज विचारायची, माझी बाटली कुठाय. म्हणून मी दोन्ही बाटल्यांची बुचं अंगठ्याने घट्ट दाबली आणि वर, पत्र्याखालच्या वाशावर ठेवून दिल्या. सोमवार उलटला की बघू. मार्चचं ऊन, तापलेला पत्रा आणि आंबणारी फुलं. माझ्या शास्त्राचा दुसरा धडा वर शिजत होता.

सोमवारी मुख्यसेविका बाई कशेळ्याच्या स्टँडवरून छत्री घेऊन चालत आल्या. कडक इस्त्रीची साडी, काळी पर्स, चेहऱ्यावर पाहणी. गोदामात एका बाजूला चेअरमन खुर्चीवर, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, जमिनीवर ताठ बसलेल्या, दाराशी गावातल्या बायका. पोरांनी नमस्ते म्हटलं आणि मग, मी काही सांगायच्या आत, उठून मुख्यसेविका बाईंना वेढा घातला आणि हुंगायला सुरुवात केली. बाईंच्या हातरुमालाला यू-डी-कोलोनचं अत्तर लावलेलं होतं. "दवाखाना," एक म्हणाला. "नाय रं, लगीन," दुसरी म्हणाली. बाईंचा चेहरा हलला नाही, पण त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवून दिला.

चेअरमन उभे राहून अर्ज वाचायला लागले. 'दारूसदृश' या शब्दापाशी ते आले असतील नसतील, तोच वर फट् झालं. रबरी बूच पत्र्यावर आपटून काकूंच्या ओच्यात पडलं. सगळ्यांनी वर पाहिलं. दुसरं फट् झालं. एक बाटली वाशावरून कलंडली आणि आतला रस खाली बसलेल्या एका पोरीच्या फ्रॉकवर सांडला. आणि मग तो वास आला. त्याची ओळख करून द्यायची गरज नव्हती.

 माझी नोकरी, सात पोरं, सगळं त्या वासात बुडालेलं मला दिसत होतं. आणि तेवढ्यात सत्तावीस पोरं एका आवाजात, आनंदाने ओरडली, "लाल ठिपका!"

पुढे काय झालं ते माझ्या शिकवण्याचं फळ आहे. वास आला की त्याची जोडी लावायची, हे मी त्यांच्या अंगात भिनवलं होतं. कुणी काही न सांगता सगळी पोरं वळली आणि चेअरमनांकडे बघायला लागली. त्यांचा मुलगा उठला, बापाचं धोतर दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, जोडी लागली."

दाराशी पहिल्यांदा कोण फसकन हसलं ते माहीत नाही. मी ओठ चावला, पदर तोंडात कोंबला, काही उपयोग झाला नाही. चेअरमनांना एकाएकी शेतावरचं काम आठवलं. अर्ज मुख्यसेविका बाईंच्या हातात देऊन ते निघून गेले. बाई पर्समध्ये काहीतरी बराच वेळ शोधत राहिल्या आणि त्यांचे खांदे हलत होते. काकू मात्र हसल्या नाहीत. नवरा पळाला, गाव हसलं, आणि अर्जावर सही त्यांची. त्या तशाच ताठ बसून होत्या.

बाईंनी चेहरा सावरला आणि मला विचारलं की बाटलीत काय होतं. मी सगळं सांगितलं, पाण्यासकट. मग त्यांनी काकूंना विचारलं, "बाटलीचं कळलं. पण अर्जात मुलांच्या अंगाला वास येतो असं लिहिलंय. ते तुमचं म्हणणं आहे का?"

"हाय," काकू म्हणाल्या. आता माघार घेणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "वाडीवरच्या पोरांना येतो वास. वळखू येतो."

"नक्की?"

"डोळं मिटून वळखीन."

"मग मिटाच," मी म्हणाले. हे मी बोलायला नको होतं. मुख्यसेविका बाईंसमोर, पाहणी चालू असताना, चेअरमनांच्या बायकोला. पण बोलून गेले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि आपला रुमाल पट्टी म्हणून पुढे केला. ताबडतोब पोरांनी हरकत घेतली. त्याला वास हाय, चालत नाय. मावशींनी दोरीवरून धुतलेली पट्टी आणली, एका मुलाने ती हुंगून पास केली आणि काकूंचे डोळे बांधले गेले.

मी पोरांना ओळीत लावलं, गाव आणि वाडी मिसळून. बाईंनी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवायला सांगितलं.  काकूंचं नाक काही साधं नव्हतं. दूध नासणार हे त्यांना आदल्या दिवशी कळतं असं गावात म्हणायचे. त्यांनी सात बरोबर ओळखले असते तर मी स्वतःच्या हाताने त्या पोरांना दाराबाहेर नेल्यासारखं झालं असतं.

पहिला त्यांचाच मुलगा. अर्ध्या क्षणात म्हणाल्या, "ह्यो आमचा. तुपाचा हात केसांना पुसलाय मेल्यानं." बरोबर. दुसरी आली. "सागाचा भुसा. सुताराची." बरोबर. तिसरा. "शेपा न् ओव्याची धुरी. घरात बाळंतीण हाय, पोस्टमनचा." दाराशी त्याची आजी उभी होती, तिने टाळीच वाजवली. मी बघतच राहिले. कसलं नाक होतं ते. माझ्या प्रशिक्षक बाईंच्या सहा बाटल्या त्यापुढे काहीच नाहीत.

चौथा वाडीवरचा होता. काकूंनी हुंगलं. "गुरं हायत घरात. खालच्या आळीतला कुणी हाय." मी त्याला हळूच पुढे सरकवलं. पुढची मुलगी आली आणि काकू एकदम सरसावल्या. "ही. ही वाडीवरची. मघाशी सांगत व्हते तो ह्योच वास." ती त्यांच्या सख्ख्या दिराची लेक होती. बाटली तिच्याच फ्रॉकवर सांडली होती. पोरगी तोंडावर दोन्ही हात दाबून जमिनीवर लोळायला लागली. दाराशी बायका एकमेकींना धरून उभ्या होत्या. काकूंना वाटलं आपल्या हुशारीचं कौतुक चाललंय, आणि त्या आणखी खुलल्या. त्यांना आता खेळ चढला होता. अर्ज, नवरा, सगळं विसरून त्या एकेका डोक्याला नाक लावत होत्या, सांगत होत्या, मधूनच म्हणत होत्या, "वाडीवरचं एकच आलं. बाकीची लपवलीत का काय?"

मग मोहाची फुलं आणणारी आली. काकूंनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. बराच वेळ हुंगत राहिल्या. "कायतरी भाजलेलं. गोड. कोण गं तू?"

"मी," ती म्हणाली.

"आपल्याच आळीतली दिसत्येस. परत ये बरं."

तिला वाटलं खेळच असा आहे. ती फिरून ओळीच्या शेवटी गेली आणि पुन्हा आली. चार वेळा आली. चारही वेळा काकूंनी तिला आपल्या आळीत घातलं, दर वेळी वेगळ्या घरात.

ओळ संपली आणि पोरांनी मला ढकललं. "बाई, आता तुमी." मी नको म्हणाले. खरंच नको होतं. इतका वेळ मी हसत होते ती एकदम गप्प झाले, कारण माझ्या अंगाजवळ कुणी नाक आणावं आणि मोठ्याने काय ते सांगावं, ही गोष्ट मी आयुष्यभर टाळत आले होते. पण सत्तावीस जणांनी ढकललं तर काय करणार? मी काकूंसमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी माझा खांदा हुंगला, मग केस. मी डोळे मिटून घेतले.

"हे पोर नाय," काकू म्हणाल्या. "ही बाई हाय. हिला सगळ्या पोरांचा वास येतो."

मुख्यसेविका बाई पुढे झाल्या. "सगळ्या म्हणजे? वाडीवरच्यांचाही येतो का? तो तेवढा वेगळा सांगा."

काकूंनी पुन्हा हुंगलं. डावीकडून, उजवीकडून, अगदी मन लावून. मग वैतागल्या. "आता सगळ्यांचा म्हंजी सगळ्यांचा. एकात एक मिसळलंय. त्यातून ह्यो निराळा कसा काढू मी?"

बोलून झालं आणि त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर त्याच वेळी पडलं असावं.  मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. काकूंनी सावकाश पट्टी सोडली. समोर मी, माझ्या पाठीला लटकलेली ती वाडीवरची मुलगी, तिच्या शेजारी त्यांचा स्वतःचा मुलगा, फ्रॉक भिजलेली पुतणी. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. माझी माफी वगैरे काही मागितली नाही. हात पुढे करून बाईंकडून अर्ज घेतला, त्याची चौघडी करून कमरेला खोचला आणि पट्टी झटकून मुख्यसेविका बाईंना म्हणाल्या, "बसा खाली. आता तुमची पाळी."